लाइनवरचा बाप

आज सोळा ऑगस्ट, रविवार, आणि मी कालच्या मॅचच्या जर्सी वाळत घालतेय. तुम्ही बसा त्या बाकावर, माझे हात चालू असले की तोंडही चालतं. गावातल्या क्लबची बायकांची टीम आहे, तिचं धुणं माझ्याकडे. पालकांनी पाळीपाळीने करायचं ठरलं होतं, पण कोणी कडकडीत पाण्यात धुवायचं, कोणी ड्रायरमध्ये टाकायचं, पाठीवरचे नंबर सोलून निघायला लागले, तेव्हा मी म्हटलं, ठेवा माझ्याकडेच. आता पोरगी टीममध्ये नाही तरी धुणं आहेच.

मी कोल्हापूरची. आल्झो, म्हणजे इथल्या भाषेत ‘तर मग’, मला फुटबॉल शिकवावा लागला नाही. आमच्याकडे पेठेपेठेची टीम, तालमीची टीम, आणि मॅचच्या दिवशी घरात स्वयंपाक लवकर. माझा दादा पेठेकडून खेळायचा. मुलींनी खेळायचं नव्हतं, पण बघायला कोणी अडवत नव्हतं, त्यामुळे ऑफसाइड मला पाढ्यांच्या आधी कळलं असेल. दादा म्हणायचा, लाइनमन आपल्या पेठेचा असंल तर आपण बारा जण खेळतोय समज. आम्ही हसायचो, कारण तो लाइनमन घरी जाताना कुठल्या गल्लीतून गेला पाहिजे तेही पब्लिकच ठरवायचं.

आणि लग्न झालं कुणाशी, तर पुण्याच्या माणसाशी, ज्यांना क्रिकेटसुद्धा स्कोअरकार्ड वाचून आवडायचं. हे मेकॅनिकल इंजिनिअर, क्वालिटी विभागात. नोकरी इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गला लागली, शहरात घर मिळेना, म्हणून आम्ही बाहेर या गावात आलो. इरा तेव्हा पाळण्यात होती. सहाव्या वर्षी मी तिला क्लबात घातलं. गाव लहान, दुसरं काय होतं इथं, एक चर्च, एक बेकरी आणि एक मैदान.

काय सांगू तुम्हाला, मला वाटलं होतं मॅचला मीच नेईन, पण नेलं ह्यांनी. दर शनिवारी, कुठल्याही गावाला. पोरीसाठी हे खेळ शिकले, जेवणाच्या टेबलावर वाट्या आणि चमचे मांडून, ही वाटी बचावाची, हा चमचा पुढे गेला की ऑफसाइड. मी आमटी वाढायला वाट्या मागायची आणि बाप-लेक ओरडायचे, थांब, अजून पास गेला नाही. गाडीत हे मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, पण बोलणं अखंड. घरी पोचल्यावरही दोघं उतरायची नाहीत, गाडीतच बसून मॅच संपवायची. ते माझ्या डोळ्यांपुढे आहे बघा अजून.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्याच्या कपची पात्रता फेरी होती. आमची टीम सगळ्यात खालच्या लीगमधली, पण ही फेरी जिंकली तर पुढची मॅच आमच्या मैदानावर, वरच्या लीगच्या टीमशी, आणि सगळं गाव बघायला. इराची ती शेवटची मॅच होती, ऑक्टोबरात ती ड्रेस्डेनला शिकायला जाणार होती. आता या खालच्या मॅचना रेफ्री एकटाच येतो. लाइनवर प्रत्येक क्लबने आपला एक माणूस उभा करायचा, हातात झेंडा देऊन. त्यात सगळ्यांनाच माहीत असतं की हा माणूस आपला आहे. समोरच्यांचे एक आजोबा होते, त्यांचा झेंडा त्यांच्या मुलींसाठी मॅचभर खालीच होता. आमच्या बाजूने हे. ट्रेनर झाबिने ह्यांना हसून म्हणाली, तुला कळतंच ना सगळं. हे म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर, नियम मी पाठ केलेत.

बरोबरी चालली होती आणि मॅच संपत आली होती. इराला मधून पास मिळाला, ती गोलकीपरला चकवून गेली आणि बॉल जाळ्यात. सगळ्या पोरी तिच्या अंगावर पडल्या. आणि मी पाहिलं तर ह्यांचा झेंडा वर. रेफ्री लांब होता, त्याने गोल दिलाच होता. ह्यांच्याकडे बघून त्याने हात फिरवला, गोल नाही.

ऑफसाइड होतं का? होतं. मी रेषेतच बसले होते, मला दिसलं. पण कोल्हापुरात असं झालं असतं ना, तर त्या माणसाला सासुरवाडीतसुद्धा कोणी चहा दिला नसता. टायब्रेकरला हरलो आम्ही. झाबिने ह्यांच्याजवळ आली, म्हणाली, तू फार प्रामाणिक माणूस आहेस, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते काही कौतुक नव्हतं.

इरा रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. गाडीत मागे बसली. हे म्हणाले, इरा, दिसलं ते दाखवलं मी. ती म्हणाली, पास्ट शोन. म्हणजे, ठीक आहे, असू दे. तेव्हापासून ह्यांनी काहीही विचारलं, जेवलीस का, पैसे पाठवू का, परीक्षा कशी गेली, की उत्तर तेवढंच. मला मात्र एकदा म्हणाली, आई, ऑफसाइड होतं ते मलाही माहितीये. पण रेफ्री तर होता ना तिथे. बाबाने बाबा व्हायचं होतं.

ड्रेस्डेनला गेल्यावर तिने बूट बाहेर काढले नाहीत. आणि ह्यांनी काय करावं, तर रेफ्रीचा कोर्स केला. रविवारी पावसात लहान पोरांच्या मॅचना शिट्टी वाजवतात. मी म्हटलं, अहो, कशाला हे. म्हणाले, आता करायचं तर नीट करतो. पोरीला तो टोमणा वाटला. खरं सांगायचं तर ह्यांना माफी मागायची होती, पण हातून झालं ते बरोबर होतं म्हटल्यावर माफी मागायची कशाची, हे काही त्यांना सापडलं नाही. आणि मी मधे पडले नाही. मला वाटलं, दोघं शहाणी आहेत, निवळेल. निवळलं नाही. घट्ट झालं.

या आठवड्यात इरा घरी आली होती. काल परत पात्रता फेरी. एकीचा गुडघा गेला, झाबिनेने इराला गळ घातली. इरा म्हणाली, खेळते, पण लाइनवर बाबा नको. ह्यांनी ऐकलं ते दारातूनच. मी म्हटलं, लाइनवर नका जाऊ, पण बघायला तर चला. म्हणाले, मी तिथं असलो की तिला माझ्याकडे बघावं लागेल. नको. आणि राहिले घरी.

दोन वर्षं खेळली नव्हती, पण काल तिने गोल मारला आणि आम्ही जिंकलो. लाइनवर कुणाचा तरी बॉयफ्रेंड होता, त्याचं लक्ष फोनमध्ये. घरी आलो तर ह्यांनी पुलाव करून ठेवलेला. मी म्हटलं, जिंकलो, इराचा गोल. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, विचारलं, कसा मारलास? ती म्हणाली, असाच, डाव्या पायाने. आणि ताट घेऊन वर गेली. ह्यांच्या हातातला डाव तसाच राहिला. ज्या माणसाने त्या पोरीचा प्रत्येक गोल वाट्या-चमच्यांनी परत मांडून बघितला, त्याला हा एक गोल बघायला मिळाला नाही.

आज सकाळी ती परत ड्रेस्डेनला गेली. बसपर्यंत सोडायला मी गेले. विचारलं, पुढच्या फेरीला येशील? बघू, म्हणाली. नाही म्हणाली नाही.

घरी येऊन मी आधी झाबिनेला फोन केला, सांगितलं, सप्टेंबरच्या मॅचला आपल्या बाजूचा झेंडा मी धरते. ती इतकी हसली. मग ह्यांना सांगितलं, तुम्ही नुसतं यायचं, सॉसेजच्या स्टॉलपाशी उभं राहायचं आणि बापासारखं ओरडायचं. हे चहा पीत होते. म्हणाले, आणि परत ती पुढे असली तर? मी म्हटलं, माझ्या डोळ्यांत ऊन येईल नेमकं तेव्हा.

हसले नाहीत. कप खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाले, आपल्या बाजूच्या लाइनवर दुपारी ऊन पाठीमागून येतं.

असा माणूस आहे. पण येतो म्हणालेत.