झाकण काढून

संघप्रिया : काकूंचं वजन बत्तीस किलो, काका. मी या दवाखान्यातली आहारतज्ज्ञ. दुधनीहून सोलापूरला आणेपर्यंत तीन महिने तुम्ही बायकोला काय खायला घालत होता?

सिद्धाराम : पराग, मॅडम. माझ्याच पेट्यांतला. मधमाश्या पायाला लावून आणत्यात की, पिवळे दाणे. सकाळ-संध्याकाळ चमचा. निंगव्वाला माझ्या हातानं भरवलाय.

संघप्रिया : आणि जेवण?

सिद्धाराम : पेज. बिनफोडणीचं वरण. कावीळ झाली तवाच तेल-तूप बंद केलं.

संघप्रिया : कावीळ दोन महिन्यांपूर्वीच उतरली. रिपोर्ट आहे हा.

सिद्धाराम : उतरली तरी आमच्याकडं वरीसभर पाळत्यात. मोबाईलमधी बघितलं, परागात चांगली चरबी असती. म्हटलं, मग तेल कशाला?

संघप्रिया : चांगली असते, खोटं नाही. पण चमच्यात अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. चमचाभर शेंगाची चटणी त्याच्या दहापट देते.

सिद्धाराम : चटणी?

संघप्रिया : हो. तेल सुटलेली, आपली नेहमीची.

सिद्धाराम : रोज मागायची वो ती. 'जिभेला लावायपुरती द्या,' म्हणायची. मी ताट वढून घ्यायचो. मरायचंय का, म्हणून वरडायचो.

संघप्रिया : काका, बसा जरा.

सिद्धाराम : पराग कमी पडू नये म्हणून पेट्यांच्या दाराला जाळी लावली. माशी आत शिरताना दाणे खाली पडत्यात. आठवड्यातनं दोनच दिवस लावायची असती. मी काढलीच न्हाय. परवा पेटी उघडली, तर पिल्लं उपाशी मेलेली. एवढं कळतंय मला, तीस वर्सं माश्या पाळतोय. आन घरात कळलं न्हाय. आता घालतो की. तेल, तूप, सांगाल ते.

संघप्रिया : आता तोंडानं नाही देता येणार. घास श्वासनलिकेत जातोय, म्हणून नाकातून नळी घातलीय. आणि डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना बोलावून घ्या.

सिद्धाराम : (पिशवीतून डबा काढत) तिची भन, गंगम्मा, सकाळीच आली हुती. ह्यो डबा देऊन गेली. चटणीच हाय. मी तिच्यावरबी वरडलो.

संघप्रिया : नळीतून ती जाणार नाही, काका.

सिद्धाराम : ठाव हाय. उशाला ठिवू का, झाकण काढून?