दोन सूत मीठ

— नाही हो ताई, इतक्यात खूश होऊ नका. तुम्ही आत आलात, थंडी किती पडलीय म्हणालात आणि यांनी पलंगावरून लगेच 'छान' म्हटलं — वाटणारच की माणूस बोलका आहे. माझ्या लेकीलाही तसंच वाटलं होतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून हे मुके पडून होते आणि एके सकाळी एकदम 'छान'! ती तिकडे फोनवर रडतेय काय, हसतेय काय, 'आई, बाबा बोलले, बाबा बोलले!' मीही वेड्यासारखा केक केला, सगळ्या मजल्यावर वाटून आले. मग दुपारी विचारलं, औषध कडू लागलं का? छान. पाय दुखतोय? छान. अहो, चादर ओली झालीय का? — छान. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढा एकच शब्द उरलाय ताई, बाकी सगळं दुकान बंद. बसा ना, उभ्या का? खुर्चीवरचे कपडे असू देत, सारा बाजूला — आज घड्या घालायला झालं नाही, सकाळपासून सूपच चाललंय.

ती बोलायला शिकवणारी मुलगी येते ना, ती म्हणते असं होतं, एखादा शब्द अडकून बसतो जिभेवर. अडकू दे की — पण हाच? हे शिंपी, ताई. उभा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला. तुमचा डावा खांदा उतरता आहे हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली, 'छान' मी यांच्या तोंडून ऐकलेलं नाही — ना कुणाच्या कपड्याला, ना माझ्या हातच्या कशाला. फारच जमून आलं तर 'चालेल'. 'चालेल' म्हणाले की माझे पाय दिवसभर जमिनीला लागायचे नाहीत. राहायचंच होतं तर 'चालेल' राहायचं होतं हो. निदान मला ओळखीचं तरी वाटलं असतं.

दुकान खालीच होतं. थंडीचे दिवस सुरू झाले, सूप उकळायला लागलं की वास जिन्यातून खाली जायचा आणि हे तोंडात टाचण्या धरलेले तसेच वर यायचे. हो ना, मी ओरडायचे, आधी त्या टाचण्या काढा! मग हे चमचा घ्यायचे, फुंकर मारायचे, डोळे मिटायचे — 'मीठ दोन सूत कमी.' सूत म्हणजे टेपवरची ती बारीकशी रेघ. आता मिठाला कसलं आलंय सूत? पण मला कळायचं. एक सूत म्हणजे दोन बोटांची चिमूट, दोन सूत म्हणजे तीन बोटांची. पावाचं पीठ बोटानं दाबायचे, 'फुगू दे अजून, कमरेत घट्ट आहे.' सफरचंदाचा केक ओव्हनमधून काढला की, 'दालचिनी जास्त झाली, अस्तर बाहेर दिसतंय.' हसा, हसा — मीही हसायचे. चिडायचेही, उद्यापासून तुम्हीच करा म्हणायचे. पण खरं सांगू का, त्यापायी मी स्वतः कधी चाखलंच नाही. घरात असली जीभ असताना मी कशाला चाखू? आता चमचा तोंडात घालते तर गरम लागतं, ओलं लागतं — बस, पुढचं काही कळतच नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून यांच्या तोंडानं स्वयंपाक केला मी.

आणि हे खात नाहीत ताई. दोन-चार चमचे जातात, मग घास गालात धरून बसून राहतात. ते मनगट बघा — बघा ना, माझ्या बोटांत मावतं. डॉक्टर म्हणतात गिळता येतंय, गिळायची ताकद आहे, आवडीचं करून घाला. आवडीचं! भोपळ्याचं केलं, गाजराचं केलं, बटाटा दुधात शिजवून केला, गरम पाव लोण्यात कुस्करून दिला, केक तर रोज असतो, शेजारची पोरं माझ्या जिवावर गुबगुबीत झाली. काय करू उद्या? छान. हे की ते? छान. बेचव होतंय म्हणून खात नाहीत का? छान. आता यातून मी काय समजू? परवा सूप जास्त गरम होतं. विचारलं हो मी, विचारल्याशिवाय भरवत नाही — भाजत नाही ना? 'छान.' म्हणून दुसरा चमचा, तिसरा चमचा. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, मला वाटलं कांद्यानं आलं असेल. संध्याकाळी तोंड पुसताना बघते तर जिभेवर हा एवढा फोड. नको — पाणी नको मला. मी ठीक आहे.

लेकीनं तुम्हाला पाठवलंय ते यांना उठवायला-बसवायला, न्हाऊ घालायला, माहीत आहे मला. ते तुम्ही चांगलं कराल, तुमचे हात बघूनच कळतंय. पण मला दुसरंच हवंय. ही वाटी घ्या. मघाशीच उतरवलंय, कोमट आहे. चाखा आणि जे असेल ते सांगा, तोंडावर सांगा, मला राग येत नाही, सवय आहे. मीठ किती कमी? एक सूत, दोन सूत — चिमूट म्हणा, काहीही म्हणा. सावकाश. घोट नीट फिरवा तोंडात.

— काय?

छान.

त्यात मीठच नाहीये ताई. कणसुद्धा नाही. गेल्या आठवड्यापासून मी घालतच नाही... हो, डॉक्टरांनी कमी करा सांगितलंय, बंद करा नाही सांगितलं. त्यासाठी नाही केलं मी. मला वाटलं, अळणी दिलं तर चिडतील. वाटी लोटतील, निदान तोंड वाकडं करतील. एवढं केलं असतं तरी पुरे होतं मला, मग कळलं असतं की आत आहेत अजून, माझंच चुकतंय. चुकलं असेल तर मी सुधारेन हो. पण रोज तेच. उपाशी ठेवतेय मी यांना की काय, सांगा ना — नाही, नका सांगू. माफी कसली मागताय, तुम्ही चांगल्या मनानंच म्हणालात. लोक म्हणतातच.

ठेवा वाटी तिथे. उद्या नका येऊ. रागावले नाही ताई, खरंच नाही, लेकीला मी सांगेन काहीतरी. या घरात एक 'छान' आहे, तेवढाच मला झेपत नाहीये. जाताना दार ओढून घ्या, यांना वारा लागतो.