उन्हातलं कुरण

पावाच्या गाडीसाठी रांग लागली होती. सरपंच ओदील मान खाली घालून उभी होती. पुढे लिओनी आणि तिची शेजारीण बर्त. बर्तनं विचारलं,

"पहाटे डोंगरावरून बर्फ कोसळला, तो कुठवर आला गं?"

"अख्खं कुरण गिळून चर्चच्या भिंतीशी थांबला."

"तुझा लेक घर बांधणार होता तिथंच?"

"तिथंच. म्हणायचा, पणजोबा खुळे! एवढं ऊन सोडून चर्चमागं सावलीत खेटून राहिले."

"सरपंचबाईंनी परवानगी नाकारली, तर तू बोलणंच टाकलंस त्यांच्याशी."

"टाकलं खरं."

"आता कुठंय तो?"

"जुन्या अंधाऱ्या खोलीत घोरतोय मेला. तीनदा डोकावून आले."

गाडी आली. लिओनी मागे वळली आणि थबकली.

"ओदीलबाई, तुम्ही व्हा पुढं. मला आज कसलीच घाई नाही."