पान नऊ

अधिकारी : ...म्हणजे ताई, चूक तशी कोणाचीच नाही. आम्ही फोन लावला होता, कोणी उचलला नाही. नोंद आहे इथे.

आई : कधी लावला?

अधिकारी : महिन्यापूर्वी, दुपारी, तुमच्या घरी. मुलीलाच. सुधारणा झालीय ना. पूर्वी आम्ही पालकांना विचारायचो, आता थेट मुलांनाच विचारतो, मदत हवी का म्हणून. मधे कोणी नको.

आई : साहेब, माझ्या मुलीला ऐकू येत नाही.

अधिकारी : माहीत आहे की. फायलीत पहिलीच ओळ आहे.

आई : ती वाचून फोन लावलात?

अधिकारी : तीन वेळा. नियमाने दोनदाच लावायचा असतो.

आई : तिसरा पदरचा. उपकार झाले.

अधिकारी : आता प्रतिसाद नाही म्हटल्यावर गरज नाही, असं संगणक धरतो. खुणांची भाषा शिकवणारी शिक्षिका आपोआप दुसऱ्या शाळेत जाते.

आई : तुमच्या संगणकाला तर हिच्यापेक्षाही कमी ऐकू येतं.

अधिकारी : चिडू नका. योजनेचं नावच ‘मुलांचा आवाज’ आहे.

आई : नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. महिना झाला, खुणांच्या बाई येत नाहीत. वर्गात सगळ्यांची तोंडं हलतात, ही बघत बसते. अकरा वर्षांची पोर, घरी आली की शाळेतलं सगळं हातांनी सांगायची. जेवताना दटावावं लागायचं, हात आवर म्हणून. आता दप्तर टाकते आणि खिशात हात घालून बसते. मला नाही बघवत ते.

अधिकारी : करू ना. सगळं सोपं केलंय आता. पूर्वी अकरा फॉर्म होते, आता एकच.

आई : चौदा पानांचा. आणलाय भरून.

अधिकारी : छान. फक्त पान नऊ कोरं आहे. ‘मुलीचं म्हणणं, तिच्याच शब्दांत.’ ते माझ्यासमोर घ्यायचं. पालकांनी मनाने भरलेलं चालत नाही.

आई : म्हणून तर घेऊन आलेय तिला.

अधिकारी : मग विचारा, बाई परत हव्यात का, आणि कशासाठी.

आई : एवढं येतं मला.

(आई मुलीकडे वळून खुणा करते. मुलगी खिशातून हात काढते आणि बोलू लागते.)

अधिकारी : अरे वा, बरंच सांगतेय. बोला, लिहून घेतो.

आई : ‘बाई’ म्हणाली. मग ‘मी’. मग ‘आई’.

अधिकारी : पुढे?

आई : पुढचं नाही कळलं.

अधिकारी : तुमचीच मुलगी ना, ताई?

आई : माझीच. बाई तिला शिकवायच्या तेव्हा शेजारी बसून मीही शिकायचे. ती भराभर पुढे गेली, मी राहिले मागे. अडलं की बाई सांगायच्या.

अधिकारी : मग हे आता कोण सांगणार?

आई : बाई.

अधिकारी : पण बाई मिळायला आधी हे पान भरायला हवं.

आई : तुम्हीच सुधारलंय सगळं. तुम्हीच सांगा.

अधिकारी : माझाही नाइलाज आहे. कोरं ठेवता येत नाही. ‘प्रतिसाद नाही’ असं लिहू?

आई : थांबा जरा साहेब. तिचं अजून बोलून झालेलं नाही.