चंद्रकोरीएवढं कातडं

चिमणाबाई : हात बाजूला घ्या म्हणते न्हवं! चाचांना डोळा दिसाय नगो? उपरण्यात तोंड घालून बसलाय नव्या नवरीगत.

केरबा : हळू बोल, चिमणे. बाहेर दुकानाच्या ओट्यावर माणसं बसली आहेत.

चिमणाबाई : बसू द्यात की. बारा वर्सं शालू नेसून हजार माणसांम्होरं मुरडला, तवा लाज वाटली न्हाय. आन् हितं गळवं फोडून घ्याय आलेल्या चार माणसांची लाज व्हय?

बाबालाल : भांडण घरला जाऊन करा. केरबाराव, सरळ बसा. उजेडाकडं तोंड करा. सोडा ते उपरणं... या अल्ला! हे कुणी केलं?

केरबा : पडलो, चाचा. नाटकाच्या पडद्यामागं. खिळा लागला.

बाबालाल : दोन्ही डोळ्यांखाली? सारख्याच रेघंत? खिळा लई शिकलेला हुता म्हणायचा.

चिमणाबाई : खिळा कसला, चाचा! हौसंनं कापून घेतलंय. टेसनाजवळच्या खाणावळीच्या माडीवर एक टोपीवाला डाक्टर उतरला हुता. म्हातारी तोंडं तरणी करून देतो म्हणायचा. हे गेलं. मला म्हणालं, तालमीला जातो. आलं तर डोळ्यांवर पट्ट्या!

केरबा : तुला कळायचं नाही ते. चाचा, तुम्हाला ठाऊक आहे, मी नाटकात नायिका करतो. मंडळीचे मालक गणपतराव मागच्या महिन्यात भर तालमीत म्हणाले, ‘केरबा, पहिल्या रांगेला तुझ्या डोळ्यांखालच्या पिशव्या दिसतात. नव्या दिव्यांत तर गुळाची पोतीच वाटतात.’ सगळी मंडळी खदाखदा हसली. तबलजीसुद्धा.

बाबालाल : वय काय तुमचं?

केरबा : अडतीस.

बाबालाल : आन् नाटकात?

केरबा : सोळा.

चिमणाबाई : बघा! आमची थोरली लेक सासरी नांदतीया, आन् ह्यांचं लगीन दर शनवारी ठरतंय.

बाबालाल : चिमणाबाई, जरा दम धरा. केरबाराव, वर बघा. आता खाली. आता डोळं मिटा.

केरबा : मिटले.

बाबालाल : न्हाय मिटलं.

केरबा : मिटलेत, चाचा. मी काय लहान आहे?

बाबालाल : बुबुळ वर गेलं, पर पापणीला पापणी टेकंना. खालनं पांढरं दिसतंय.

चिमणाबाई : झोपल्यावर बी तसंच. पट्ट्या काढल्या त्या दिवशी दुपारचं असं पडलं हुतं. मला वाटलं, माणूस गेलं. छातीवर कान ठेवला तवा कळलं, घोरतंय.

बाबालाल : कातडं किती काढलं त्यानं?

केरबा : चिमटीत धरून आरशात दाखवलं होतं. म्हणाला, चंद्रकोरीएवढं फक्त. डोळ्यांखाली बधिर करायची सुई टोचली. कळलंसुद्धा नाही. त्याच्याजवळ फोटो होते, चाचा. आधीचा आणि नंतरचा.

बाबालाल : आधीचा सासऱ्याचा आन् नंतरचा जावयाचा असंल. चंद्रकोर म्हणं! अरे, डोळ्याखाली जादा कातडं असतंच किती? हसाय, रडाय, मिटाय पुरंल एवढंच घालून दिलंय वरच्यानं. ते कापलं. जखम भरताना आवळत गेली, आन् पापणी खाली वढली गेली. म्हणून आतलं लाल भाईर आलंय. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायचं, ते गालावर उतराय लागलं. टाकं कुणी काढलं? तो कुठं हाय?

चिमणाबाई : सातव्या दिवशी या म्हणाला. सातव्या दिवशी गेलो तर खोलीला कुलूप. टाकं मी काढलं.

बाबालाल : तुम्ही?

चिमणाबाई : मग काय, गणपतराव काढणार हुते? कात्री उकळली, मांडी घालून बसले आन् येक येक दोरा तोडला.

बाबालाल : टाकं बरं काढलंय. त्यात खोट न्हाय... थांबा. केरबाराव, हिकडं बघा. ह्या उजव्या बुबुळावर काय हाय?

केरबा : काय आहे?

बाबालाल : पांढरा ठिपका. खालच्या अंगाला.

केरबा : चार दिवस धुरकट दिसतंय खरं. पावडर गेली असेल.

बाबालाल : पावडर? असल्या डोळ्यांनी पावडर लावलीस? तोंड रंगवलंस?

चिमणाबाई : आन् खेळात हुबं बी ऱ्हायलं गेल्या शनवारी! मी दारात आडवी पडले. मला ओलांडून गेलं.

केरबा : रडण्याचा प्रवेश होता, चाचा. मागच्या रांगेपर्यंत हुंदके ऐकू येत होते. सगळे म्हणाले, आज केरबाचे अश्रू खरे वाटले.

चिमणाबाई : अश्रू! पखाल फुटली हुती ती.

केरबा : हसा. दोघंही हसा. पण माझं एक काम करा, चाचा. दोन टाके वरच्या बाजूला ओढून घाला. येत्या शनिवारी राजवाड्यातली माणसं खेळाला येणार आहेत. महाराज नवं थेटर बांधताहेत, तिथं कुणाला उभं करायचं ते हाच खेळ बघून ठरणार, असं गणपतराव म्हणतात. एवढा एक शनिवार निभावून द्या.

बाबालाल : न्हाय जमायचं.

केरबा : तुमचे आजोबा फौजेत जखमा शिवणारे जर्राह होते. तुटलेली नाकं शिवायचे म्हणतात.

बाबालाल : शिवायचे. आन् जे जमत न्हाय त्याला हात लावत नव्हते, म्हणून लोक आजून नाव घेत्यात. मी गळू फोडतो, हाड बसवतो, गोळी शिरली असंल तर काढतो. हितं टाका मारला तर कातडं फाटंल. जे कमी पडलंय ते वढून वाढत न्हाय. दुसरीकडचं आणून लावाय लागतंय. कानामागचं काढत्यात, पातळ असतं. ते काम मिरजंला मिशनच्या दवाखान्यात हुतंय. दुपारची गाडी हाय. आजच जायाचं.

केरबा : आज? किती दिवस लागतील?

बाबालाल : महिना धरा.

केरबा : आणि मग दिसेल कसं?

बाबालाल : ठिगळ दिसंल.

केरबा : रंगानं झाकता येईल?

बाबालाल : दिसंल म्हणतो मी. डोळा वाचंल, बाईपण जाईल. शनवारी खेळ केलास तर हा ठिपका पसरंल, फुटंल, आन् कायमचा अंधार. तुझी तू निवड कर. मी दोन डोळ्यांचा केरबा बघतोय. तू पयली रांग बघतोयस.

केरबा : तुम्हाला सोपं आहे बोलायला! बापाच्या रानात ढेकळं फोडत होतो मी. मंडळीत आलो तेव्हा दोन वर्षं नुसतं चालायला शिकलो. डोक्यावर पाण्याची घागर ठेवून. थेंब सांडला की छडी. हसावं कसं, रुसावं कसं, उंबरा ओलांडावा कसा, सगळं शिकलो. आता काय करू? मिशा लावून भालदार होऊ? ‘महाराजांचा विजय असो’ म्हणून आत जाऊ?

चिमणाबाई : व्हय, जावा! भालदाराला डोळं असत्यात.

केरबा : गणपतरावांना काय सांगू?

चिमणाबाई : मी सांगते. तुमचं तोंड त्यांनी लई बघितलं, माझं न्हाय बघितलं आजून. म्हणावं, पोती दिसली तवा हसलासा, आता पोती फाटल्यात, या बघायला.

केरबा : चिमणे, मला भीती वाटतीया गं.

बाबालाल : आता खरं बोललास. हे घे. एरंडेल हाय, स्वच्छ गाळलेलं. थेंब टाकायचा आन् वर वला फडका. आगीनगाडीत खिडकीपाशी बसू नगो, कोळसा जाईल. डोळा चोळायचा न्हाय. काय झालं तरी चोळायचा न्हाय.

चिमणाबाई : चोळू दे तर खरं. हात बांधून नेते.

(दोन महिने उलटले. चैत्र सरत आला आहे. जोतिबाची यात्रा नुकतीच झाली. बाबालालचं तेच दुकान, सकाळची वेळ.)

बाबालाल : मिटा... उघडा... परत मिटा. सुभानल्ला! काम चोख केलंय. डावा पुरा मिटतोय. उजव्याला दोऱ्याएवढी फट ऱ्हायली.

चिमणाबाई : आन् रंग बघा की. कानामागचं कातडं गोरं, गाल सावळं. शेतात येकच वाफा पेरल्यागत दिसतंय.

बाबालाल : दिसतंय कसं उजव्यानं?

केरबा : तुमची दाढी दिसतीया. केस मोजाय येत न्हाईत.

बाबालाल : मोजाय फार उरलेत कुठं! पर हे लाल कशानं झालंय? चोळलास?

चिमणाबाई : गुलाल. जोतिबाला गेलतो. माझ्या भावाचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान हाय डोंगरावर. यात्रंला माणूस लागतंय, म्हणून ह्यांना बी न्हेलं. घरात बसून नुसतं आढं बघत हुतं.

बाबालाल : मंडळीत न्हाय बोलावलं परत?

केरबा : गणपतराव आलते. म्हणालं, राक्षसाचं काम देतो, रंग कमी लागंल. आन् हसलं. मी म्हटलं, राक्षसाला बी झोपताना डोळं मिटाय लागत्यात, मालक. गेलं मग.

बाबालाल : बरं केलंस. पर ह्या डोळ्यांनी गुलालात जायाचं? अक्कल हाय का?

चिमणाबाई : अक्कल न्हाय, पर ऐका तर काय झालं. दुकानाच्या समोर तंबू. तंबूवर पाटी. पाटीवर तरण्या माणसाचं चित्र. आन् आत कोण?

बाबालाल : टोपीवाला?

चिमणाबाई : तोच! भाईर रांग. माळकरी, सावकार, दोन बाया, एक तर तमासगीर. मला वाटलं, आता धरतंय नरडं.

बाबालाल : धरलंस?

केरबा : न्हाय. मला वाटलं, झ्याक भाषण करावं. बारा वर्सं भाषणंच तर पाठ केली. तोंड उघडलं, आन् येक शबूद येईना. मग त्या चित्राच्या शेजारी जाऊन हुबा ऱ्हायलो. नुसता.

चिमणाबाई : टोपीवाला भाईर आला. ह्यांच्याकडं बघून म्हणतो, ‘पावणं, रांगेत या.’ वळखलंच न्हाय त्यानं! सवताच्या हाताचं काम, चाचा, वळखलं न्हाय त्यानं!

बाबालाल : किती जणांना कापलं असंल, त्याला तरी कुठनं आठवणार!

केरबा : मग जवळ आला. ठिगळ बघितलं. उजव्या डोळ्याकडं बघितलं. तवा तोंडाचा रंग गेला. रांगेतला येक माळकरी म्हणाला, ‘हे ह्येनं केलंय व्हय?’ मी मान हलवली. बस. येक येक माणूस सरकाय लागलं.

चिमणाबाई : सरकाय? पळाय लागलं! तमासगीर तर त्येची पिशवी तिथंच टाकून गेला.

केरबा : येकच बाई हलंना. बायडाबाई, कळंब्याची. तिशीची असंल. डोळ्यांखाली सुजलेलं, काळं. मला म्हणाली, ‘तुमचं बिघडलं म्हणून माझं बिघडंल असं थोडंच हाय.’

चिमणाबाई : मागं नवरा हुबा. म्हणतो कसा, ‘घे करून, घे करून. माझ्या बरुबरची माणसं तुला म्हातारी म्हणत्यात.’ आन् सवताच्या डोळ्यांखाली पेरूएवढ्या गाठी!

बाबालाल : असली माणसं कापावीत. बधिर न करता.

केरबा : मी तिला म्हटलं, बाई, झोप किती मिळती? तर ती हसाय लागली. पाच लेकरं, दोन म्हशी, सासू आंथरुणात. हसता हसता रडाय लागली. मी मग त्या नवऱ्याकडं बघत ऱ्हायलो. लई वेळ बघत ऱ्हायलो. त्यानं खाली मान घातली. तिच्या डोस्क्यावरचं गठुळं घेतलं सवताच्या खांद्यावर, आन् उतराय लागला.

चिमणाबाई : मी मात्र गप्प न्हाय बसले. पायऱ्या संपंस्तोवर बोलत हुते त्याच्या मागनं. सांजच्याला तंबू बी उठला.

बाबालाल : आता तो निपाणीला जाईल, न्हायतर बेळगावला. पाटी तीच.

केरबा : जाऊ दे. मी बी जाईन, पाटीशेजारी हुबा ऱ्हायला. ह्या तोंडाला आता दुसरं काम काय हाय?

बाबालाल : गुलाल नसंल तिथंच जा म्हणजे झालं. थेंब टाकतो, वर बघ. असा.

केरबा : त्या बाईनं जाताना मागं वळून बघितलं, चाचा. डोळं पुसलं, आन् पदर घेतला डोक्यावर. लई दमलेल्या हातानं घेतला. बारा वर्सं मी हजार वेळा पदर घेतला असंल, पर असा कधी घेता आला न्हाय. असा घेत्यात हेच ठावं नव्हतं मला.

चिमणाबाई : घरात रोज तसाच घेत हुते मी.