पेटी आली का?

ऐका. शेंगा फोडता फोडता ऐका, हात थांबवू नगा. आन् त्या रंजीला सांगा, भ्या वाटलं तर चुलीपाशी जाऊन बस म्हनावं, मधीच किंचाळायचं न्हाई. मागच्या बारीला निम्मी गोष्ट हिच्या किंचाळण्यात गेली माझी.

आपली चंद्रोदय टॉकीज तुमी बघितलीया ती बंद पडल्यावरची. भिंतीत पिंपळ उगवलेला, दारात कुनाच्या तरी म्हशी. तुमास्नी काय ठावं! आरं, ती चालू व्हती तवा सोयरीक ठरवताना पोरीचा बाप आधी इचारायचा, गावात टॉकीज हाय न्हवं? मग हूं म्हनायचा. माझ्या बापानं बी तसंच इचारलं. पोरगी पिक्चर बघंल, सुखात ऱ्हाईल म्हनला. आन् दिली कुनाला, तर पेटीवाल्याला!

मालकांचं नाव मी घेत न्हाई. गाव त्यास्नी पेटीवालाच म्हनायचं. काम काय, तर ऐका. पिक्चर एक आन् टॉकिजा दोन, एक तालुक्याला, एक आपली. दोघीत मिळून एकच पिक्चर आनायचं, तेवढंच झेपायचं. तिकडं पहिला अर्धा दाखवून झाला की त्याची रिळं पत्र्याच्या पेटीत घालून सायकलीवरनं इकडं. इकडं तो अर्धा चालू झाला की दुसऱ्या अर्ध्याची पेटी आनायला पुन्यांदा तिकडं. इंटरवलला ती पोचवायची, आन् पहिली घेऊन लगोलग परत तालुक्याला, तिथल्या रातच्या खेळासाठी. जन्म सायकलीवर गेला बघा. सगळ्या गावानं त्यांच्या जिवावर पिक्चरं बघितली, पन लई वरसं त्यांनी सोता एकाचा बी शेवट बघितला न्हाई.

आन् मी दारात फुटानं इकायची. लोक डोळं पुसत भाईर यायचं. मी इचारायची, काय झालं वं शेवटाला? कुनी थांबतंय व्हय सांगायला! ज्याला त्याला घर असतंय.

आता दौलू कोष्ट्याचं ऐका. हे मालकांच्या आधीचं, दुसराच मानूस पेटी आनायचा तवाचं. दौलू एकटा जीव. बायको न्हाई, पोर न्हाई. दिवसभर मागावर बसायचा आन् सांज झाली की टॉकीजमधी. पिक्चर कसलं बी असू दे, चार मानसं शेजारी बसत्यात, हसत्यात, तेवढीच सोबत म्हनायचा. एका पावसाळ्यात पिक्चर लागलं, एक आई आन् तिचा बोटीवर कामाला गेलेला ल्योक. बोट बुडाली अशी खबर आली, आई बंदरावर जाऊन बसली, आन् इंटरवल झाला. दिवं लागलं. पेटीचा पत्ता न्हाई. बाकीची मानसं बिड्या फुकत बसली, पन दौलूला दम निघंना. पेटी कुठवर आली बघून येतो म्हनला आन् तालुक्याच्या जवळच्या वाटंनं, पानंदीनं सुटला. ओढ्याला पूर, पेटी त्या राती आलीच न्हाई. सकाळी त्याचं घोंगडं गावलं. दौलू गावला न्हाई.

तवापासनं दिवेलागणीनंतर पानंदीनं कुनी जाईना. डांबरी सडक लांबची, पन मालक बी तिकडनंच यायचं.

बरीच वरसं गेली आन् तेच पिक्चर फिरून आलं. त्या साली अर्धं बघून घरला गेलेली म्हातारी मानसं काठ्या टेकत आली. एक म्हातारी मला म्हनली, ह्या बारीला पेटी चुकली तर त्या आईचं काय झालं ते न बघताच मी जाईन गं. मालकांनी ते ऐकलं. पेटी चुकायची न्हाई म्हनलं, आन् टांग मारून गेलं.

आन् नेमकं तालुक्याला रीळ तुटलं! जोडता जोडता उशीर. मालक निघालं तवा डोळ्यात बोट घातलं तर दिसंना एवढा अंधार. सडकेनं गेलं तर इंटरवल होऊन जातोय, लोक उठून जात्यात. त्या म्हातारीचं तोंड आठवलं. पानंद धरली.

रंजे, बस खाली.

थोडं फुडं आलं आन् सायकल जड झाली. मागं कुनी बसल्यागत. वळून बघितलं, पेटीच. पायडल मारत्यात, मारत्यात, घाम फुटला. तवर डायनामोचा दिवा गेला. आन् कानापाशी आवाज आला.

"पेटी आली का?"

सादा आवाज. थकलेला. मालकांनी ओ दिली न्हाई. अंधारात हाकंला ओ देऊ नये, हे शेंबड्या पोराला बी ठावं असतंय. ओढा आला. थंडीचं दिवस, घोट्याएवढं पानी, सायकल धरून ओलांडला. चार पावलं गेलं, पुन्यांदा ओढा! ओलांडला. पुन्यांदा ओढा! चकवा लागला बाई! सगळा जलम तालुका ते गाव करन्यात गेलेला मानूस, पन त्याला गाव कुठल्या अंगाला हाय ते कळंना.

आन् मग समोर टॉकीज दिसली. आपलीच. दिवं लागल्यालं, भोंग्यावर गानं. मालकांचा जीव भांड्यात पडला. सायकल टेकवली, पेटी डोक्यावर घेतली, घाईघाईनं आत शिरलं.

आत कुनी न्हाई. नुसत्या खुर्च्या, वल्या. पडदा बी न्हाई, त्याच्या जागी आभाळ. पुढच्या रांगंत एक मानूस पाठमोरा बसलेला. त्याच्या अंगावरनं पानी गळत व्हतं.

"लाव," त्यो म्हनला. "लई वाट बघितली."

मालकांच्या पायाला गार लागलं म्हनून खाली बघितलं, तर पानी. घोट्याचं गुडघ्याला आलं. टॉकीज कसली आलीया, त्यो ओढ्याचा डोह व्हता. मागं सरायला गेलं, तर त्या मानसाच्या हातानं मनगट धरलं. बर्फावानी हात.

"मशीन नसंल तर तू सांग. त्या आईचा ल्योक परत येतो का?"

पानी कमरंला आलं. आता काय तरी बनवून सांगायचं आन् सुटायचं, दुसऱ्यानं तेच केलं असतं. पन आमचा मानूस भोळा सांब. खरं तेच बोलला.

"दौलूदा, मला ठावं न्हाई. म्या कुठल्याच पिक्चरचा शेवट बघितल्याला न्हाई."

पानी थांबलं.

"कुठल्याच न्हाई?"

"न्हाई. माझी वाट अर्ध्यातनंच मागं फिरती."

मग हात सैल झाला. बघून ये, त्यो म्हनला, आन् जाताना मला सांगून जा. मालक डोहातनं कसं भाईर आलं ते त्यांचं त्यास्नी ठावं न्हाई. पेटी तेवढी कोरडी ठिवलेली.

टॉकिजात आलं तर काय, एक मानूस उठलं नव्हतं! म्हाताऱ्यांनी भजन धरलं व्हतं, पोरं मांडीवर निजलेली, अख्खं गाव वाट बघत बसलेलं. मालक वल्या कापडानं दाराशी उभं ऱ्हायलं आन् जलमात पहिल्यांदा शेवट बघितला. म्हातारी रडत व्हती, मालक रडत व्हतं. मग पहिली पेटी घेतली आन् पानंदीनंच गेलं. शब्द दिलेला. ओढ्यात उभं ऱ्हाऊन दौलूला शेवट सांगितला.

पहाटं घरला आलं तवा मी इचारलं, काय झालं वं त्या ल्योकाचं? दमलोय, म्हनलं, उद्या सांगतो.

त्या दिवसापासनं हेच. दर पिक्चरचा शेवट दाराशी उभं ऱ्हाऊन बघायचं, जाता जाता ओढ्याला सांगायचं. तालुक्याचा शेट उशिरापायी शिव्या घालायचा, तरी. आन् घरी आलं की उद्या सांगतो. भुताला गोष्टी, आन् बायकूला उद्या!

काय म्हनतीस रंजे, मी आत जाऊन बघायचं व्हतं? आन् फुटानं तुझा बाप इकनार व्हता? आन् मला पिक्चर बघायचं नव्हतंच गं. मला त्यांच्या तोंडनं ऐकायचं व्हतं.

टॉकीज बंद पडली. मालक गेलं. आता लोक सांगत्यात, पानंदीच्या ओढ्यात दोन आवाज येत्यात. एक इचारतो, एक सांगतो.

मी गेलती. सुनंला न सांगता गेलती. दरडीवर बसली, वटीत फुटानं. लई येळानं आवाज आला. त्यांचाच. घरात कधी बोललं न्हाईत एवढं रंगवून सांगत व्हतं. आई बंदरावर बसलीया, लांबनं एक बोट येतीया... आन् तेवढ्यात कुनी मुडदा फटफटी घेऊन, दिवा पाजळत पानंदीत घुसला. आवाज थांबला. ती रात गेली माझी.

म्हनून सांगते, त्या वाटंनं जाऊ नगा. दौलू तुमास्नी शेवट इचारंल, आन् तुमी मोबाईलवर समद्याचा शेवट आधीच बघितल्याला. त्यो सोडायचा न्हाई. आन् त्यो सोडंल बी एकवेळ, पन मालकांचं सांगनं मोडलं तर मी सोडायची न्हाई. त्या ल्योकाचं काय झालं, ते मला अजून ऐकायचं हाय.