यीस्टची उडी का अडली

पुन्हा कोरी! तुम्हाला सांगते, प्लेट उजेडात धरली, तिरकी धरली, उलटी धरली... एक ठिपका असेल तर शपथ! आणि माझा हात चुकत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही म्हणाल, बाई, आहे काय त्या प्लेटमध्ये? अहो, यीस्ट! पाव फुगवतं ते. त्याच्या डीएनएत एक बिऱ्हाड आहे, रेट्रोट्रान्सपोझॉन नावाचं. ते आधी स्वतःची आरएनए नक्कल काढतं, त्या नकलेवरून प्रथिनं बनवून घेतं... बनवतं कोण? यीस्ट! फुकट राबतंय बिचारं! एका प्रथिनाचं कवच होतं, बाकीची आत एकमेकांना चिकटलेली. त्यातलंच एक म्हणजे कात्री, ती सगळ्यांना सुटं करते. मग एक जण आरएनएवरून परत डीएनए लिहितो, दुसरा तो नेऊन भलत्याच जागी डकवतो. झाली उडी! मूळ प्रत जागच्या जागी, वर नवी एक. आहे की नाही डोकं?

मी यीस्ट असं तयार केलं, की उडी झाली तरच त्याला हिस्टिडीन, म्हणजे जगायला लागणारं एक अमिनो आम्ल, स्वतः बनवता येईल. मग हिस्टिडीन नसलेल्या प्लेटवर पसरायचं. ज्याच्यात उडी झाली ते जगलं, वाढलं, ठिपका दिसला! आणि मला दिसत काय होतं? शून्य. महिनोन्महिने!

सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, चष्मा कपाळावर सारून म्हणायचे, "अगं, हात कुठंतरी चुकतोय तुझा. या सत्रात उडी नाही दिसली तर विषय बदलू या, काय?" बदलू या! इतकी वर्षं घातली, विषय म्हणजे काय चपला आहेत? घरी आई रोज दारातूनच ओरडायची, "आज तरी उडी मारली का गं?" शेजारच्या काकू घाबरून धावत आल्या!

आता ऐका. यीस्टला आवडते ऊब, पण या उडीला लागतो गारवा! उबेत ती कात्री मान टाकते, प्रथिनं सुटीच होत नाहीत. म्हणून नळ्या मी थंड कपाटात ठेवायची. रोज संध्याकाळी, रात्रभरासाठी. स्वतः. माझा हात चुकत नाही!

एका संध्याकाळी किल्ली विसरले म्हणून परत आले, तर कपाटापुढे सर! माझ्या नळ्या अलगद उचलून उबेच्या कपाटात ठेवतायत...

"सर?!"

"अगं, घाईत तू रोज गार कपाटात ठेवून जातेस. कुडकुडतात गं! सकाळी लवकर येऊन परत जागेवर ठेवतो, उगाच तुला वाईट वाटायला नको."

सरांचं आयुष्य यीस्ट वाढवण्यात गेलेलं, उड्यांचं खूळ माझं! मी रडले. मग ओरडले. मग कपाटाला कुलूप घातलं.

आणि पुढच्या खेपेला... ठिपकेच ठिपके! सर चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "म्हणजे गारव्यात उडी होते, उबेत होत नाही. दोन्हीकडचा पुरावा आहे की! कोऱ्या प्लेट्सचे फोटो ठेवलेस ना? मग पेपर लिहू. पहिलं नाव माझं."

"तुमचं?!"

"अगं, उबेचे सगळे प्रयोग मीच केले ना!"

आणि तुम्हाला सांगते... खोटं नव्हतं हो ते.